पाच गावांचे पाच आकडे

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी महेश्वरी बिराजदार विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या अभिलेख खोलीत पाचवा गठ्ठा सोडत होती. चार वाजता समिती यायची होती. ज्या कागदांचं गाव सांगता येणार नाही ते रद्दीत, असा नियम.

गठ्ठे २००७ सालच्या एका ग्रामपंचायत पाहणीचे. मत कुणाला दिलं हे लोकांनी मोकळेपणानं सांगावं म्हणून विद्यार्थ्यांनी अर्जांवर गावाचं नाव घातलंच नव्हतं, नुसता आकडा. कोणता आकडा कोणत्या गावाचा, ते एका वहीत होतं. ती वही हरवली. छापील अहवालात पाचही गावं होती, पण अकारविल्हे: कामती, तिऱ्हे, बेगमपूर, ब्रह्मपुरी, माचणूर.

महेश्वरीला इथं कंत्राटावर सहा वर्षं झाली. अंदाज शाईनं लिहायचा नाही, हा तिचा दंडक. 'एक: कामती' असं तिनं पेन्सिलीनं लिहिलं आणि अडली. एक नंबरच्या अर्जांतले लोक रोज पहाटे सायकलीवरून सोलापुरात दूध घालत होते.

पहारेकरी बंदेनवाज चाचा चहा घेऊन आले. एसटीत सोलापूर-मंगळवेढा गाडीवर कंडक्टर होते, आता निवृत्त; आकड्यांचा हा घोळ त्यांना ठाऊक होता.

"चाचा, कामतीहून सायकलीवर दूध येतं का हो?"

"हितं पोचेपर्यंत दही व्हईल की म्याडम! तिऱ्ह्याचं असंल ते."

"मग दोन नंबर कुठलं?"

"पाहणीला पोरं गेली कशानं?"

"एसटीनं."

"मग जशी उतरली तसे आकडे घातले. तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर, ब्रह्मपुरी. जन्मभर हेच वरडलो मी. तुमी शिकलेली माणसं बाराखडी घेऊन बसलाय."

"तुम्ही ओरडलात म्हणून खरं होत नाही, चाचा."

"मग बगा की तपासून."

तिनं दुपारपर्यंत अर्ज तपासले. तीन नंबरचं गाव भीमेच्या पुलाच्या तोंडाशी, मंगळवेढ्याला जायचं तर पूल ओलांडायचा. म्हणजे बेगमपूर. चार नंबरच्या लोकांना पूल लागायचा तो सोलापूरला येताना, आणि त्यांची ग्रामसभा नदीकाठच्या सिद्धेश्वराच्या देवळापाशी भरायची. ते माचणूरच. पाच नंबरही नदीपलीकडचंच, आणि तिथलं दुसरं गाव म्हणजे ब्रह्मपुरी. उरली कामती, ती दोन.

तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं आणि पेन घेतलं.

समितीच्या अनिलकुमार सरांनी पुलाचे दोन्ही अर्ज स्वतः वाचले, देवळाचाही वाचला, मग सही केली. रद्दीच्या यादीतून पाचही गठ्ठे निघाले. जावक वहीत नोंद आहे: गठ्ठा क्रमांक एक, तिऱ्हे, स्कॅनिंगसाठी, उद्या सकाळी साडेदहा.