मेजर आत्या आणि पितळी बूच

आमच्या आत्याला सगळं वर्कशॉप 'मेजर' म्हणतं. ती लष्करात एक दिवसही नव्हती, पण लष्करानं मोडीत काढलेले ट्रक आयुष्यभर तिच्याच दारात आले. लिलावातून येतात तेव्हा त्यांच्या टपावर गवत उगवलेलं असतं. आत्या बॉनेटवर थाप मारून म्हणते, "काय गं, दमलीस होय? थांब, आधी तेल, मग गप्पा."

हा आवाज मला हुबेहूब जमतो. खर्ज, शेवटी एक खाकरा, आणि प्रत्येक शब्दाला पान्यानं एक पीळ जास्त. वेल्डरकाका मात्र वेल्डिंग करतात तसंच बोलतात: "टाकी... बसली. ब्रेक... झाले. वायर... तूच बघ, मेजर."

यंदाची पाहुणी म्हणजे 'म्हातारी', असाच एक मोडीतला ट्रक. डोंगरावरच्या वस्तीसाठी अग्निशमन केंद्राला पाण्याचा बंब हवा होता. नव्या गाड्यांना तो उखडलेला चढ झेपत नव्हता. आत्यानं म्हातारीला पॉवर स्टिअरिंग दिलं, ब्रेक नवे घातले, मागे टाकी चढवली. इंजिन, गिअरबॉक्स मात्र मूळचेच.

"तसं बघायला गेलं तर, मॅडम," केंद्राचे साहेब म्हणाले (त्यांचं प्रत्येक वाक्य इथूनच सुटतं), "इंजिनही नवंच टाकायला हवं होतं."

"गुडघे बदललेत, साहेब. काळीज ठणठणीत आहे."

"मग चढून दाखवा. चढली तर बंब, नाही तर भंगार."

चाचणीचा आमच्याकडे एक नियम आहे. ज्याच्या हातानं एक जरी नट आवळला गेला, त्यानं मागे बसायचं. आत्या म्हणते, "आपल्याच कामावर बसायची आपल्याला भीती, तर दुसऱ्याला कशाला बसवायचं?" म्हणून चालवायला आत्या, आणि टाकीमागच्या फळीवर वेल्डरकाका, मी आणि आत्तोबा.

"अगं, मी फक्त बाजूचा आरसा लावलाय!" आत्तोबा ओरडले.

"आरशालाही नट असतो. बसा."

निम्म्या चढावर म्हातारी थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं ऐकत नव्हती, आणि जळकट वास नाकात शिरला. नव्या ब्रेकनी गाडी जागच्या जागी धरली, म्हणून आत्तोबांचे देव पाण्यातून बाहेर आले. साहेब खालून चालत, धापा टाकत आले. "तसं बघायला गेलं तर... दम संपला हिचा."

आत्या गाडीखाली सरपटली. बाहेर आली ती कोपरापर्यंत तेलानं माखलेली. तळहातावर एक पितळी बूच.

"हिचा दम नाही संपला. माझं डोकं संपलं," ती म्हणाली. "क्लचच्या घराला तळाशी भोक असतं. खोल पाण्यात शिरताना हे बूच लावायचं, बाहेर आलं की काढायचं, म्हणजे पाझरलेलं तेल गळून जातं. गेल्या आठवड्यात हिला ओढ्यातून काढून बघितली. बूच मीच लावलं आणि काढायला मीच विसरले. तेल आत साचलं, क्लच प्लेट त्यात भिजली."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग झालंच की! तेल गळलं ना? चला वर."

"आज चढेलही. पण प्लेट तेल प्यायलीय. वर घर पेटलेलं असताना ही मध्येच घसरली, तर त्या माणसांना मी काय सांगू, चाचणीत चढली होती म्हणून? एक दिवस द्या. गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलते. चूक माझी, तसं सगळ्यांना सांगा."

वेल्डरकाकांना राहवेना. "मेजर... आपली गाडी... चढावरून परत... कधीच..."

"आज येतेय. डोळे भरून बघून घ्या."

साहेबांनी ते बूच हातात घेऊन उलटसुलट केलं. "तसं बघायला गेलं तर... उद्या. पण उद्याच."

दुसऱ्या दिवशी म्हातारी नवी प्लेट घालून त्याच चढाच्या पायथ्याशी उभी. बूच आत्यानं तारेनं स्टिअरिंगला बांधलं होतं. डोळ्यांसमोर लोंबकळतंय म्हणजे खालचं भोक उघडं आहे. मग तिनं साहेबांच्या हातात पाना दिला. "स्टेपनीचा हा शेवटचा नट राहिलाय. मान तुमचा."

साहेबांनी छाती काढून नट आवळला.

"छान. आता मागे बसा."

"मी? अहो, पण..."

"या, या," आत्तोबांनी आनंदानं जागा केली. "मी तर आरशापायी बसतो."

गाडी निघाली. कालची जागा आली, सगळ्यांनी फळी घट्ट धरली, आणि म्हातारी नुसती घुमत घुमत पुढे गेली. "तस्सं... बघा... यला... गेलं..." प्रत्येक खड्ड्याला साहेबांचा एक तुकडा सांडत होता. आत्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण आत्तोबांच्या आरशात मला ती दिसली: सगळे दात बाहेर.

वर, वस्तीच्या पहिल्या घरापाशी, साहेब टोपी सावरत उतरले. टाकीवर हात ठेवला, जरा ठेवूनच दिला.

"तसं बघायला गेलं तर, मॅडम... हिला बहिणी आहेत का अजून?"

आत्या खाकरली. "दोघी आहेत. टपावर गवत आहे थोडं. चालेल ना?"