हेमलाचं पोट्टं हेमलापाशीच

हेमलाचं नाव काढलं की मला आधी तिचा आवाज आठवतो. असा खणखणीत, की ती शेताच्या या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलली तर त्या धुऱ्यावरचे बैल कान टवकारायचे. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले होते. आपला आवाज केवढा आहे हे तिला कळत नाही, म्हणून ती एवढ्या मोठ्यानं बोलते, असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. तिला पक्कं ठाऊक होतं.

ती जऊळक्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली, लखीरामची बायको. आमचं शेत तांड्याला लागूनच. कापूस वेचायला तांड्यातल्या बाया आमच्याकडे यायच्या आणि मी, नुकतंच लग्न झालेला गडी, गाठोडी बांधायला धुऱ्यावर उभा. तेव्हा यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. राहिलेलं लखीरामनं तंबाखू मळता मळता सांगितलेलं. तांड्याची बोली निराळी, पण ती मला कुठली लिहिता येते! मी आपल्या वऱ्हाडीतच सांगतो.

छप्पन साल होतं. आपलं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं ते त्याच हंगामात. आमच्या पारावर जो तो तेच बोलायचा. तांड्यात मात्र विषय एकच: हेमलाला पोरगा झाला, आता ही बहिरी बाई तो सांभाळणार कसा?

सासू रुपाबाईनं तर ठरवूनच टाकलं होतं. पोर थोरली सून कस्तुराबाई सांभाळेल. हेमलानं दूध पाजायचं आणि परत द्यायचं.

"पोट्टं रडून रडून निळं पडलं तरी तुले काय समजनार हाये?" रुपाबाईनं हातवारे करत विचारलं. समोरच्याचे ओठ आणि हात पाहून हेमलाला सगळं उमजायचं.

"तुमाले तं ऐकू येते ना? मंग तुमच्या लेकाचा हात चुलीत कसा काय गेला?"

लखीरामच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता. आख्खा तांडा हसला. रुपाबाई तेवढी हसली नाही.

तांड्याचे नाईक दौलतसिंग मोठे दयाळू. त्यांनी यावर तोड काढली. वाशीमच्या बाजारात गेले आणि चांगली पितळी घंटी घेऊन आले. पोराच्या झोळीला बांधून म्हणाले, "आता पोट्टं हाललं रे हाललं, का घंटी वाजते. चिंता मिटली!"

लोक म्हणाले, वा नाईकबा, काय डोकं! ती घंटी ऐकायची कुणी, हे कुणाच्या म्हणून ध्यानात आलं नाही. हेमलानं घंटी बोटानं हलवून पाहिली, नाईकांकडे पाहिलं, सोडली आणि त्यांच्याच शेळीच्या गळ्यात बांधून दिली. "इले ऐकू येते," म्हणाली. नाईक दोन-तीन दिवस शेळीकडे पाहायचे टाळत होते.

हेमलाची आपली वेगळीच रीत होती. अंबाडीची बारीक दोरी तिनं मांडीवर वळली. एक टोक पोराच्या घोट्याला, मऊ चिंधीवरून, सैल. दुसरं आपल्या मनगटाला. पोरानं पाय झाडला की हिचा हात हलायचा आणि ही झोळीपाशी. वेचणीला यायची तर तीन बांबूंचं तिकाटणं घेऊन. झोळी त्याला टांगायची, दोरी पोचेल तेवढ्या पऱ्हाट्यांचा कापूस वेचायची, मग तिकाटणं उचलून पुढं. आमचा बाप कुरकुरायचा, "ही बाई वेचाले येते का बिऱ्हाड हालवाले?" पण कमरेला बांधलेली कापसाची ओटी तिची सगळ्यांइतकीच भरायची, म्हणून चालवून घ्यायचा.

रुपाबाईनं शेवटी नाईकांपुढं गाऱ्हाणं नेलं. नाईक म्हणाले, "पोट्टं कस्तुरापाशी ठेवून पाहू. नीट राह्यलं तं तिच्याचपाशी वाढल."

"आन माह्यापाशी नीट राह्यते का, ते काहून नाई पाह्यत?" हेमलानं विचारलं.

अडचणीचा प्रश्न आला की नाईक "ठरलं" म्हणायचे. तसं म्हणाले. तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा.

दुसऱ्या दिवशी बाया वेचणीला आल्या. बाभळीच्या फांदीला झोळी टांगून कस्तुराबाई खाली बसली. बाई मायाळू होती, तिची पोरं मोठी होऊन हाताखालून गेलेली. तिला मनापासून आनंद झाला होता. पोराच्या पायाची दोरी उगाच लोंबते म्हणून तिनं दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला बांधून टाकलं. रुपाबाई शेजारी. नाईकही निकाल पाहायला आलेले. तिघंही कान देऊन बसले, पोर रडतं कधी म्हणून. मी जवळच गाठोडं आवळत होतो.

पोर रडलंच नाही.

"पाह्यलं?" रुपाबाई म्हणाली. "कसं गुनी झालं एका दिवसात."

तिकडं ओळीत हेमला हात चालवत होती, पण मान सारखी बाभळीकडे. एकदम ओरडली, "भुकेलं हाये ते!"

कस्तुराबाईनं हातानं खुणावलं: नाही गं, चूप आहे, झोपलंय.

हेमलानं कमरेची भरलेली ओटी सोडली. पांढराशुभ्र कापूस सगळा मातीत. आमच्या बापानं बोंब ठोकली. तिला काय त्याचं! पऱ्हाट्या तुडवत ती आली तेव्हा मी पाहिलं: बुंध्याला बांधलेली दोरी ताणली जात होती, सैल पडत होती, पुन्हा ताणली जात होती. आणि बुंध्यावरचे मुंगळे दोरीवरून ओळीनं झोळीच्या काठापर्यंत पोचलेले.

हेमलानं मुंगळे झटकले, झोळी उघडली. पोर पाठीपर्यंत ओलं, तोंड लालबुंद, मूठ चोखून चोखून पांढरी पडलेली, आणि पाय मात्र चालूच.

"रडलं काहून नाई पन?" नाईक गोंधळून म्हणाले.

"रडल्यानं माय येत नाई, लाथ मारली का येते, हे त्याले जनमल्यापासून ठाव हाये. तो तुमाले कवाचा बलावून राह्यला! तिघं तिघं कान लावून बसले, डोये कोनं लावले?"

कस्तुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "माह्या तं ध्यानातच नाई आलं वं." हेमलाचा राग तिच्यावर नव्हताच.

नाईक उठले, धोतर झटकलं. "ज्याचं पोट्टं त्याच्यापाशी," म्हणाले, आणि तांड्याकडे वळले.

"घे बाई, घे तुहं," रुपाबाई खाली पाहत पुटपुटली.

पोराला पदराखाली घेऊन हेमला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मान वर करून सांगा. हातानं सांगा. कोनाचं हाये हे?"

एव्हाना सगळ्या बाया वेचणी टाकून भोवती जमल्या होत्या. रुपाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग बोट पोराकडे केलं आणि हेमलाच्या छातीवर टेकवलं.

"या मांगच्यायले नाई दिसलं," हेमला म्हणाली. "आखीन एक डाव करा."

रुपाबाईनं पुन्हा केलं.