‘मरणासन्न’ शब्दाचा सौदा

हैदराबादच्या हिमायतनगरात माझं अस्तर आणि ब्लाउजपीसचं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं, खांद्यावर गठ्ठा होता. त्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, कोण घेणार आणि कोण नुसतं चिवडणार. त्या पोरीच्या बाबतीत मात्र मी चुकले. तिनं कापडाला हातही लावला नाही. दोन बायकांशी माझी घासाघीस चालली होती, ती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. बायका गेल्यावर म्हणाली, "मावशी, तुमची मराठी मला हवी आहे."

माझी मराठी कुणाला हवीय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या मराठी मंडळानं एका गणपतीत माझ्या हातातला माईक काढून घेतला होता. आभार मानताना मी 'हौ' म्हणाले, 'नक्को' म्हणाले, मधे एखादा तेलुगू शब्द आला, तर चिटणीस माझ्या कानाशी येऊन म्हणाले, जरा शुद्ध बोला. वर्गणी मात्र त्यांना माझ्याकडून कशीही चालते. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पोरगी जामबागेतली, विद्यानगरकडच्या विद्यापीठात कंत्राटावर संशोधन करणारी. इथल्या बाजारात मराठी कशी बोलली जाते, यावर तिला काम करायचं होतं. त्यासाठी अनुदान मागणारं प्रपोजल तयार होतं. मंजूर झालं तर नोकरी टिकणार, नाही तर कंत्राट संपलं की घरी. फक्त एक पत्र जोडायचं राहिलं होतं: ही भाषा बोलणाऱ्या लोकांचा या कामाला पाठिंबा आहे, असं. ती आधी मंडळात जाऊन आली होती. तिथं तिला सांगितलं, आमच्यात असली मराठी कुणी बोलत नाही.

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला रविवारी घरी जेवायलाच बोलावलं. बगारे बैंगन आणि ज्वारीची भाकरी झाली. मग तिनं पत्र काढून वाचायला घेतलं. "हैदराबादेतली ही मरणासन्न मराठी..."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, कोण मेलं? सकाळी शटर उघडल्यापासून मी बोलते, माझ्या आवाजानं शेजारचा घड्याळवाला दार लावून घेतो, आणि तू मला तिरडीवर बांधतेस? माझा मुलगा ताटावर तसाच बसून हसत होता.

ती शांतपणे म्हणाली की पैसे देणारे आधी विचारतात, हे काम आत्ताच कशाला? भाषा ठणठणीत आहे म्हटलं तर फाइल तळाला जाते. ते मला पटलं. मीही गिऱ्हाइकाला सांगते, शेवटचाच पीस आहे. पण तो पीस फळीवरचा असतो. गल्ल्यावर बसलेल्या बाईला कुणी शेवटचा पीस म्हणत नाही.

मग सौदा सुरू झाला. मी 'ठणठणीत'वर अडून बसले. मागणी वरूनच करायची असते. ती 'शेवटच्या घटका मोजणारी'वर आली. मी म्हणाले, कापड तेच, फक्त लांब फाडलंस. ती 'आजारी' म्हणाली. मी 'थकलेली' म्हणाले, तीही दुपारपुरती. मुलगा म्हणाला, 'सर्दी झालेली' लिहा, दोघींचं राहील. सुनेला हसू आवरेना, ती पाण्याचा तांब्या घेऊन दारातच बसली. शेवटी पोरगी म्हणाली, "धोक्यात. याच्या खाली मला परवडत नाही." पत्र पिशवीत घातलं आणि चपला शोधायला लागली.

खोटं उठणारं गिऱ्हाईक मला ओळखता येतं. ही खरंच निघाली होती.

वेळ काढायला मी मुलाला म्हणाले, तूच वाच बघू एकदा. बोलण्यात तो कुणाला हार जात नाही, पण शाळा इंग्रजीतली. त्यानं तिच्याकडून पत्र मागून घेतलं, अक्षरांवर बोट ठेवलं आणि पहिल्याच ओळीत अडकला. सुनेकडे पाहिलं, तिनं मान हलवली. "आई, हे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. हसणं तिथं थांबलं. पोरगी एक शब्द बोलली नाही. जिंकत आलेला सौदा गप्प बसून घ्यायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं देव जाणे.

"लिही धोक्यात," मी म्हणाले. "पण पुढं असंही लिही, की बोलणारी बाई धोक्यात नाही."

तिनं लिहिलं. मी सही केली, मोठी, दुकानाच्या शिक्क्यासकट.

पुढं एका दुपारी, ऐन गर्दीत तिचा फोन आला. समितीतल्या एका तज्ज्ञानं माझं वाक्य मोठ्यानं वाचलं, सगळे हसले, आणि त्यांनी विचारलं, या बाईंचं बोलणं आम्हाला कधी ऐकवणार? प्रपोजल मंजूर होतं. पलीकडं ती हसत होती की रडत होती, गर्दीत कळेना. मंडळाला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना आपोआप कळेल अशी सोय मात्र केली आहे: पत्राची प्रत गल्ल्यामागं लावली आहे, वर्गणी मागायला येतील तेव्हा वाचतील.

फोन ठेवला तेव्हा समोरची बाई रेशमी अस्तर निम्म्याहून कमी भावात मागत होती. "घ्या अम्मा, न्या," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं माझ्याकडं पाहिलं, कापड उजेडात धरलं, उलटं केलं, बोटांत चुरगळलं, वास घेतला.

"इत्ते में दे रई, कुछ तो नुक्स होइंगा," ती सोबतिणीला म्हणाली आणि अस्तर तिथंच टाकून निघून गेली. मी थान गुंडाळत एकटीच हसत राहिले.