आखूड शेपटीची पाहुणी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. मांजराच्या शेपटीबद्दल मात्र कुणी शहाण्यानं काही सांगून ठेवलेलं नाही, म्हणून मी आपली शोधत बसले. मला पहिल्यापासून खोडच आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कळेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

मांजर आणलं माझ्या लेकीनं. ती जपानी भाषा शिकली आणि चाकणच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. तिथल्या जपानी साहेबांची पुढं तिसऱ्याच देशात बदली झाली. नव्या घरात जनावर चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी जाताना मांजर लेकीकडे सोपवलं. तिचा त्या मांजरावर जीव जडला आणि नेमकं वर्षभरातच कंपनीनं तिलाच जपानला पाठवायचं ठरवलं. मग ती मांजराची टोपली घेऊन निरगुडसरला आमच्या मळ्यात आली. जपानची मांजर आमच्याकडे आणि आमची पोर जपानला, असं ते साटंलोटं झालं.

"आई, मी येईपर्यंत सांभाळ. बाकी काही नको मला," असं म्हणून ती गाडीत बसली. मी हो म्हटलं खरं. पण आमच्याकडे मांजर म्हणजे कांद्याच्या चाळीत उंदीर मारणारी, उरलीसुरली भाकरी खाणारी. अशी कुणी विश्वासानं हातात दिलेली मांजर मी आजवर सांभाळली नव्हती.

टोपलीतून ती बाहेर आली आणि मी आधी तिची मागची बाजूच बघितली. अंगानं पांढरी, वर तांबडे-काळे ठिपके, पाय लांब, मागचे तर पुढच्यांपेक्षा जरा जास्तच. आणि शेपटीच्या जागी काय, तर बाळाच्या टोपड्याला लावतात तसा एक गोंडा!

"वाघानं तोडली," आमचे हे म्हणाले. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि कुणाचंही काहीही हरवलं तर आधी त्याच्यावरच घेतात. दुधाच्या डेअरीवर ही गोष्ट गेली आणि दोन दिवसांत हिनं वाघाच्या तोंडात शेपटी सोडून जीव वाचवल्याचं सगळ्या वाडीला माहीत झालं. लोक वाट वाकडी करून बघायला यायला लागले. एकजण तर हिला हात जोडून गेला.

मला काही ते पटेना. जखमेचा वण कुठंच नव्हता. फोनवर लेकीला विचारलं तर ती हसतच सुटली. "अगं आई, ही जातच तशी आहे. जन्मतःच शेपटी आखूड. आईबापांकडूनच तो गुण पिल्लात येतो. आत हाडं असतात, पण बारकी, वाकडी, एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक मांजराचा गोंडा वेगळा, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. फक्त तो ओढायचा नाही हां. सरळ तर कधीच करायला जायचं नाही, फार दुखतं त्यांना."

तिकडे अशी तिरंगी मांजर शुभ मानतात, दुकानात तिची हात वर केलेली मूर्ती ठेवतात, असंही ती म्हणाली. मग मला आठवलं, मंचरला आमच्या नेहमीच्या कापडदुकानात गल्ल्यावर एक सोनेरी मांजर हात हलवत असते. पुढच्या बाजाराला मी गेले आणि सरळ ती उचलून उलटी केली. शेटजी घाबरले. "वहिनी, काय बघताय? सेल खालून घालतात." मी म्हटलं, "शेपटी बघतेय." ती आखूडच निघाली! इतकी वर्षं ती मांजर मी समोरून बघत होते. शेटजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पण गल्ला सोडून वाकून बघितलं.

ठेवायला ती सोपी होती. केस मऊ, फारसे गळत नाहीत, आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला की काम झालं. दूध पचत नाही म्हणून लेकीनं बंद केलं होतं. तिला उकडलेलं अंडं, कोंबडीचा तुकडा आणि मंचरहून आणलेलं मांजराचं खाणं. पाण्याला मांजर भितं असं आपण लहानपणापासून ऐकतो. ही बया हौदाच्या कठड्यावर बसून पंजानं पाणी उडवायची. बाटलीचं झाकण फेकलं तर तोंडात धरून परत आणून द्यायची, आणि पुन्हा फेकेपर्यंत समोरून हलायची नाही. आमच्या कुत्र्याला हे कधी जमलं नाही.

सगळ्यात नवल म्हणजे तिचं बोलणं. ती नुसतं म्याव करत नसे. बारीक, गाण्यासारखा, वरखाली होणारा आवाज काढायची आणि आपण काही म्हटलं की उत्तर द्यायचीच. "मने, भूक लागली का?" उत्तर. "लाईट गेली बघ." त्यालाही उत्तर. जपानीत वाढलेल्या मांजराला माझी मराठी कशी कळते, हे कोडं मला काही सुटलं नाही. पण लेक गेल्यापासून घरात माझ्या बोलण्याला उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं. आमचे हे म्हणजे दिवसभरात दोन 'हं' आणि एक 'बघू'. तेव्हा कळो न कळो, मी बोलत राहिले.

आता घोटाळा झाला तो आमच्या थोरल्या जाऊबाईंमुळे. त्यांचं घर आमच्या शेजारीच. घरातल्या झाडून सगळ्या पोरांना त्यांनी पायांवर घेऊन तेल लावलंय, डोकी गोल केलीत, चिमटीत धरून नाकं काढलीत. माझ्या लेकीचं सरळ नाक ही त्यांचीच करणी, असं त्या पाहुण्यांना सांगतात. मांजराची हकीकत मी त्यांना सांगितली होती. त्या नुसतं "हूं" म्हणाल्या, त्यावरून मी ओळखायला हवं होतं.

मी मंचरहून मांजराचं खाणं घेऊन आले, तर ओसरीवर वाटीत कोमट तेल, बाजूला टॉवेल आणि जाऊबाईंच्या हातावर रक्ताचे ओरखडे.

"आगं, लहानपणी कुणी हात लावला न्हाई, म्हणून ऱ्हायली तशी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "म्हटलं, चोळून जरा सरळ करावी. पोरीला बरं वाटंल. जरा वढली, तर किंचाळली गं माणसावानी. पळाली त्या उसात."

ऊस डोक्याच्या वर गेलेला. दिवस कलला होता. आणि चारच दिवसांपूर्वी त्याच उसाच्या कडेवरून शेजारच्या वस्तीतला कुत्रा वाघानं नेला होता.

ह्यांनी पत्र्याचा डबा उचलला. आमच्याकडे अंधार पडायला लागला की वाघ जवळ येऊ नये म्हणून डबे वाजवतात, रेडिओ मोठ्यानं लावतात. मी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, आवाज करू नका. ती आधीच घाबरलीय, अजून आत जाईल. तू एकटी बांधावर बस आणि तिच्याशी बोल. नेहमीसारखं."

"आन वाघ आला म्हंजी?" हे म्हणाले. डबा वाजवला तर मांजर जाणार, नाही वाजवला तर वाघ येणार. मी म्हटलं, "अहो, ट्रॅक्टर आणा, लाईट उसावर टाका आन इंजन बंद करा." त्यांनी तसं केलं आणि काठी घेऊन माझ्या मागं उभे राहिले. जाऊबाई ओसरीच्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसल्या.

फोन बांधावर ठेवून मी बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि तीच माझ्या हातून चालली होती.

"मने, ये गं," मी म्हटलं. उसाची पानं तेवढी सळसळली. "अंडं उकडलंय तुला." काही नाही. "जाऊबाई लई रडत्यात. त्यांच्या मनात वाईट न्हवतं." तरी काही नाही. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच बोलत सुटले. "तू न्हाई आलीस तर मी कुणाशी बोलू गं? पोर गेली तवापासून घर खायला उठतं. तिला मी सांगत न्हाई. फोनवर हसून बोलते. तिकडं तिचं चांगलं चाललंय, तिनं मागं वळून बघू नये म्हणून. सकाळी चहा टाकते तर अजून तिचा कप काढते. मग परत ठेवते. तू तर बघतेस की रोज."

उसातून बारीक आवाज आला. वर चढला, खाली आला.

मी हललेसुद्धा नाही. "व्हय, तूच बघतेस," मी म्हटलं. पुन्हा उत्तर आलं, जरा जवळून. असं आम्ही दोघी बोलत राहिलो. मग ट्रॅक्टरच्या उजेडात पांढरं काहीतरी दिसलं आणि ती आली. तेलानं चपचपीत झालेला गोंडा अंगाशी घट्ट धरून माझ्या मांडीत शिरली. मी त्याला हात लावला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मागून हे आपणहून बोलले, "आली. आली गं बाई."

तिला पदरात गुंडाळून मी उठायला लागले, तेव्हा बांधावर काहीतरी चमकलं. फोन चालूच होता.

"आई," लेकीचा आवाज रडून जड झाला होता, "उठू नकोस ना. अजून बोल."