काकूंची मेथी

आमच्या शेजारच्या काकू रिटायर झाल्यावर इथल्या अर्विंग शहराजवळच्या कॉलेजात बॉटनी शिकायला लागल्या. वर्गातल्या सगळ्यांना त्या ‘बाळा’ म्हणतात, तरुण प्रोफेसरलासुद्धा. नेहमीच्या कोर्समध्ये जादा प्रयोग करायचा लेखी करार प्रोफेसरशी केला, की विशेष प्रावीण्याचं ऑनर्स क्रेडिट मिळतं. काकूंनी इथल्या चिकट मातीत, कुंडीत मेथी लावायचा करार केला. मग आम्ही कधीही भेटलो तरी विषय मेथीचाच.

प्रयोगाच्या वर्गातल्या प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी मेथी उन्हानं पार करपली.

“काकू, इंडियन स्टोअरमधून मुळांसकट जुडी आणून खोचू का?” मी हळूच विचारलं.

काकू हसल्या. “अरे, मेथी उगवून दाखवीन असं कुठे लिहून दिलंय मी? काय होतं ते बघीन, एवढंच लिहिलंय.”

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं आणि वर्गात मागे बसलो. करपलेली कुंडी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “माय मेथी इज डेड. नाऊ आय विल टेल यू व्हाय.” वर्ग खदखदून हसला, मग कान देऊन ऐकत राहिला. प्रोफेसरनं तिथेच ऑनर्स मंजूर केलं.

परतताना मी अभिनंदन केलं. कुंडी मांडीवर घेऊन बसलेल्या काकू म्हणाल्या, “बिचारी. जरा सावली दिली असती, तर जगली असती रे.”