पूर्वेच्या कलशातील वारा

शके १८६४, फाल्गुन शुद्ध सप्तमी, सकाळी सात वाजता मी निपाणीजवळच्या आमच्या गावच्या जिनमंदिरात लवणसमुद्र रेखायला बसलो. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांच्या अष्टाह्निक पर्वाची पूजा होती. पूजेआधी मंडपाच्या फरशीवर रंगीत पुडीने जंबुद्वीप आणि त्याला वेढणारा हा खारा समुद्र काढण्याचा मान आमच्या घराण्याचा. काम पुरे होईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, ही वडिलांनी घातलेली शिस्त; आणि दिवस मावळल्यावर तर आम्ही जेवतच नाही.

खरा समुद्र मी पाहिलेला नाही. लवणसमुद्र मात्र मला माझ्या शेताच्या बांधांइतका ठाऊक आहे. त्याचे पाणी सपाट नसते. धान्याच्या राशीसारखे मध्यभागी उभे असते. त्याच्या तळाखाली चार दिशांना चार प्रचंड पाताळकलश. त्यांच्या तळात वारा, मध्ये वारा आणि पाणी, वर नुसते पाणी. वारा खवळला की समुद्र चढतो, आणि शुक्लपक्षात रोज अधिक चढतो. तरीही जंबुद्वीप बुडत नाही, कारण वेलंधर देव ते पाणी काठावर थोपवून धरतात. हे सर्व फरशीवर उभे करणारा माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता.

त्या वर्षी मन थाऱ्यावर नव्हते. थोरला मुलगा बेळगावच्या कॅम्पातून पलटणीबरोबर निघून पूर्वेकडच्या लढाईवर बोटीने गेला होता. निघताना म्हणाला, “आप्पा, तुमचा समुद्र चुकला असंल तर आल्यावर सांगतो.” मी हसलो नाही. अभिमान वाटला, तोही दाखवला नाही. दिवाळीपासून त्याची खबर नव्हती; बोट किनाऱ्याला लागली की नाही, हेही ठाऊक नव्हते. रोज देवापुढे उभा राहत होतो, पण श्रद्धा उरली आहे की नुसती सवय, हे माझे मलाच कळत नव्हते.

दुपारपर्यंत तीन कलश भरले. पूर्वेच्या कलशात वाऱ्याची पांढरी पूड सोडायला हात पुढे होईना. शेवटी तो तळापासून निळ्या पाण्यानेच भरला. निदान त्या दिशेला वारा नको.

मंदिराच्या पंचांपैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. आले ते दर्शनाला आलेल्या एका परक्या बाईच्या. वयस्क, बोलण्यात चिकोडीकडची कानडी ढब. रेखाटनाभोवती एक फेरी घालून ती थांबली.

“अण्णा, पूर्वेला वारा इसरलासा की.”

“इसरलो न्हाय. पोरगा तिकडं बोटीवर हाय.”

“व्हय? मग पाणी थोपवायला देव ठेवल्यात ते कशाला? त्येंचं काम त्येंच्यावर सोडा, तुमचं तुमी करा. उगं समुद्र लंगडा करू नगा.”

लंगडा! माझ्या कामाला असे आजवर कोणी बोलले नव्हते. रागानेच मी निळी पूड मऊ कुंच्याने काढली आणि तळात वारा भरू लागलो. पूड बोटांतून सुटत होती. तिच्याबरोबर मुलालाही मी हातातून सोडले, आणि छातीवरचा भार उतरला. मान वर केली तेव्हा बाई गेली होती. ती कोणाकडची पाहुणी, हे गावात कोणालाच सांगता आले नाही.

मुलगा पुढे सुखरूप परतला. त्या दिवशी त्याची बोट कोठे होती, हे मी विचारले नाही. त्या बाईला मात्र रोज मनोमन हात जोडतो. समुद्र थोपवणे माझे काम नव्हते. तो खरा रेखणे माझे होते. ते मी केले, आणि तसा समुद्र त्या मंडपात पुन्हा उतरला नाही.

त्या दिवशी सूर्यास्ताला अवकाश असतानाच काम संपले. पुडीचे वाडगे पुसून फडताळात ठेवले, हात धुतले, आणि घरी जाऊन दिवस मावळण्याआधी पोटभर जेवलो.