पहाटेची धाडधाड आणि गुळपोळ्यांचा डबा

मंडळी, आज ट्रेकला गेले आणि तोंडावर आपटले. पाय घसरून नव्हे.

आपल्या मराठी ट्रेकिंग ग्रुपवर 'कातळवेडा' या टोपणनावाने लिहिणारे सदस्य तुम्हाला माहीत आहेतच. चढ आला की धाप लागते, असं त्यांनी महिन्यापूर्वी लिहिलं होतं. मीच मोठ्या तोऱ्यात सल्ला दिला, "पाठीवर दहा किलोची सॅक, पायात ट्रेकचे बूट, आणि रोज पहाटे बिल्डिंगचा जिना वीस वेळा चढा-उतरा."

आज मानेसरजवळच्या टेकडीखाली आम्ही पहिल्यांदा भेटणार होतो. ओळखीची खूण म्हणून ते गुळपोळ्यांचा डबा आणणार होते.

पोचले तर चहाच्या टपरीवर कोण? आमच्याच सोसायटीतले, पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ! महिनाभर पहाटे जिन्यात धाडधाड करून माझी झोप उडवणारे. परवाच मी त्यांची लेखी तक्रार केलीय. इथे उत्तरेत सगळेच हिंदी बोलतात, त्यामुळे चार वर्षांत आमचं बोलणं, भांडण, सगळं हिंदीत.

"आप यहाँ भी?" मी चिडूनच विचारलं.

"किसी का इंतज़ार है," म्हणत त्यांनी डबा उघडला. गुळपोळ्या!

"अहो, तुम्ही मराठी?"

त्यांनी डबा बाकावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे जिन्याचा सल्ला देणाऱ्या ताई तुम्हीच? आणि तक्रार करणाऱ्याही?"

टेकडी ते सरसर चढले. तीनदा धापा टाकत बसले ती मी.

आता तुम्हीच सांगा, तक्रार मागे घेऊ, की उद्या पहाटे बूट घालून मीच जिन्यात उतरू?